जुनी बुलेट भरवशाची कशी होईल?

साखरा, सेनगाव, हिंगोली या पट्ट्यात ज्यांचा धंदा फिरतीचा आहे अशा आपल्या व्यापारी बांधवांशी बोलणे निघाले की जुन्या बुलेटचा विषय हमखास येतो. कोणाकडे वडिलांनी घेतलेली गाडी आहे, तर कोणी सैन्याच्या डिस्पोजलमधून निघालेली गाडी तिसऱ्या-चौथ्या हातातून घेतलेली आहे. गाडीवर जीव असतो, पण भरवसा नसतो. कापडाचे गठ्ठे किंवा बांगड्यांच्या पेट्या बांधून पहाटे निघावे आणि अर्ध्या वाटेत गाडी बंद पडावी, म्हणजे त्या आठवड्याचा बाजार बुडाला. आठवडी बाजार दुसऱ्या दिवशी आपल्यासाठी पुन्हा भरत नाही. मग प्रश्न येतो, गाडी विकावी की सुधारावी?

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्या मिस्त्री बांधवांची आहे. बुलेटचे काम करणारे जुने उस्ताद कमी होत चालले आहेत. नवीन मुले कॉम्प्युटर लावून दोष शोधण्याच्या गाड्यांवर तयार होतात. पॉइंट आणि कंडेन्सर त्यांनी पाहिलेलाही नसतो. त्यामुळे जो कारागीर जुनी बुलेट भरवशाची करून देऊ शकतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक लांबून येते आणि मजुरीत घासाघीस करीत नाही. म्हणून हा लेख आम्ही गाडीमालक आणि कारागीर अशा दोघांसाठी लिहीत आहोत.

आधी ही गाडी मुळात काय आहे ते समजून घेऊ. बुलेट ही विलायती गाडी. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मागच्या चाकाला शॉकअब असलेली ३५० सी.सी.ची बुलेट काढली. सरहद्दीवरील गस्तीसाठी भारतीय सैन्याने ती पसंत केली आणि त्यातूनच १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे प्रथम इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून गाड्या तयार होत. पुढे सगळेच भाग येथे बनू लागले. मूळ इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. आपल्याकडे मात्र तेच बिडाच्या सिलिंडरचे इंजिन, मधल्या काळात लहानसहान बदल होत, २००९-१० पर्यंत तयार होत राहिले. म्हणजे १९८५ किंवा १९९५ ची बुलेट दिसायला अलीकडची असली तरी आतून ती दुसऱ्या महायुद्धानंतरची इंग्लिश गाडीच आहे. बी.एस.ए., ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस या गाड्या आता हौशी लोकांच्या घरातच उरल्या. रोजच्या कामाला राबणारी विलायती गाडी म्हणाल तर बुलेटच.

हे सांगण्याचे कारण असे की, या इंजिनाकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे तिच्या वयावरून कळते. ३४६ सी.सी., ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक आणि ताकद सुमारे १८ हॉर्सपॉवर. लांब स्ट्रोकचे हे इंजिन सावकाश फिरून ओढण्यासाठी आहे. ५० ते ६० च्या वेगाने ते दिवसभर ओझे नेईल. त्यालाच ९० ने तासभर पळवले तर ते आपला हिशोब नंतर चुकता करून घेईल. आम्ही तर म्हणू की निम्मा भरवसा उजव्या हाताच्या मुठीत आहे.

वीज आधी, इंजिन नंतर

गाडी बंद पडली की मालक म्हणतो, "इंजिन गेले." आणि काही मिस्त्रीही लगेच हेड खोलायला बसतात. आमचे म्हणणे असे की जुनी बुलेट रस्त्यात बंद पडते ती बहुधा विजेमुळे किंवा पेट्रोलमुळे. इंजिन स्वतः होऊन अचानक क्वचितच बंद पडते. ते आधी आवाज करून, धूर काढून, तेल गाळून पुष्कळ दिवस सांगत असते. तेव्हा ज्याच्याकडे पैसा थोडा आहे त्याने तो पहिल्यांदा वायरिंगवर घालावा.

सुरुवात अर्थिंगपासून करावी. बॅटरीची एक वायर चेसिसला जाते. तिच्या बोल्टखाली रंग, गंज किंवा चिखल असेल तर सगळ्या गाडीची वीज अर्धी होते आणि मग कॉईल बदला, बॅटरी बदला असा खर्च सुरू होतो. बोल्ट काढून खालचा रंग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासावा, पितळी लग लावून आवळावा आणि वरून थोडे ग्रीस फासावे. इंजिनापासून चेसिसला एक जादा जाड वायर जोडावी. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर हेडलाइटच्या मागे, हँडलच्या खोळीत पाहावे. वीस-तीस वर्षांत प्रत्येक मिस्त्रीने तेथे एकेक वायर पिळून वर टेप गुंडाळलेली असते. गाडीच्या थरथरीने असे पिळलेले जोड सुटतात. ते कापून डाग द्यावेत किंवा दाबून बसवण्याचे लग वापरावेत. अँपिअर मीटर बुलेटची शोभा आहे खरी, पण गाडीची जवळजवळ सगळी वीज त्याच्यातूनच जाते. त्याच्या मागचे दोन नट ढिले झाले की चालती गाडी एकदम मुकी होते, लाइट नाही, हॉर्न नाही. सगळे वायरिंग शोधत बसण्यापेक्षा हे दोन नट आधी पाहावेत. बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर तो बसवावा; जळलेली वायर बदलण्यापेक्षा तो फार स्वस्त पडतो.

आता पॉइंट. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी आणि ती फिलर गेजने मोजावी. डोळ्याच्या अंदाजावर आमचा विश्वास नाही, मग उस्ताद कितीही मोठा असो. नवा पॉइंट बसवताना त्याच्या तोंडावरचा गंजरोधक थर कापडाला पेट्रोल लावून पुसून काढावा. तो तसाच राहिला तर नवीन पॉइंट असूनही ठिणगी पडत नाही आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो. पॉइंटची तोंडे वारंवार जळून काळी-निळी पडत असतील तर पॉइंट बदलत बसू नये, कंडेन्सर बदलावा.

एक लक्षण तर प्रत्येक फिरत्या व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावे. थंड गाडी एका किकमध्ये सुरू होते, अर्धा तास झकास चालते, मग गुदमरत बंद पडते. झाडाखाली उभी करून चहा घेतला की पुन्हा सुरू होते. हे दुखणे बहुतेक वेळा कंडेन्सरचे किंवा कॉईलचे असते. गरम झाल्यावर आतले आवरण दगा देते आणि थंड झाल्यावर सावरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा हा आजार वाढतो. अशा वेळी कार्बोरेटर उघडून काही हाती लागत नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तरी साधारण असेच होते, म्हणून आधी झाकण सैल करून पाहावे. गाडी लगेच सुरू झाली तर दोष झाकणाचा. तो दुरुस्त करायला एक सुई पुरते.

टायमिंगचा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण येथे नुकसान गाडीचे कमी आणि पायाचे जास्त होते. ठिणगी वेळेआधी पडली तर किक उलटी बसते. बुलेटच्या उलट्या किकने घोटा मोडलेली माणसे आपल्या भागात कोणालाही भेटतील. कारागिराचा पाय म्हणजे त्याची रोजी. महिना-दोन महिने बसून राहणे परवडणारे नसते. पॉइंटच्या जुन्या ३५० ला ॲडव्हान्स युनिट पूर्ण बंद स्थितीत असताना पिस्टन वर पोहोचण्याच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडू लागावा, असे माप आहे. पॉइंट नेमका केव्हा उघडतो हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडात सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागदाची पट्टी धरावी आणि इंजिन हळूहळू फिरवावे. पट्टी ज्या क्षणी सुटते, तो क्षण. पिस्टन दाबाच्या स्ट्रोकला असल्याची खात्री करावी. त्या वेळी दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरतात. टायमिंग लावण्याआधी ॲडव्हान्स युनिटची वजने मोकळी हलतात का, स्प्रिंगा त्यांना परत ओढतात का, हे पाहावे. कोरडे पडलेले युनिट पुढेच अडकून राहते. मग टायमिंग कितीही अचूक लावा, किक उलटणारच. तेलाचे दोन थेंब पुरेत.

आणि किक मारण्याची रीत. चावी लावून किक हळूच दाबावी. अँपिअर मीटरचा काटा डावीकडून मध्यावर आला की पॉइंट उघडला असे समजावे. मग डिकॉम्प्रेसर ओढून किक थोडी पुढे सरकवावी, डिकॉम्प्रेसर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि एकच पूर्ण, सलग किक मारावी. अर्धवट, घाबरत मारलेली किकच उलटते. घरातल्या पोरांना गाडी देण्यापूर्वी हे शिकवलेले बरे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का, असे पुष्कळजण विचारतात. कंपनीने स्वतः २००१ नंतरच्या इलेक्ट्रा गाडीला ते दिले आणि जुन्या गाडीला बसवण्याचे संचही मिळतात. पॉइंटची कटकट संपते हे खरे. पण बॅटरी कमजोर असेल तर ते पॉइंटपेक्षा आधी हात वर करते आणि रस्त्यात बिघडले तर साखऱ्याच्या फाट्यावर त्याची दुरुस्ती होत नाही. आमचे मत असे की वायरिंग आणि चार्जिंग सुधारल्यावरच ते बसवावे आणि जुनी पॉइंट प्लेट डब्यात जपून ठेवावी.

पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही

ही गोष्ट जुन्या उस्तादांच्या शिकवणीत नाही, कारण त्यांच्या काळात ती नव्हतीच. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत वाढत २०२५ मध्ये देशभरात २० टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल आपल्याच मळीतून, उसातून आणि धान्यातून तयार होते, शेतकऱ्याला त्याचा दाम मिळतो, त्याला आमचा विरोध नाही. परंतु १९५५ च्या आराखड्याच्या गाडीला ते सोसवत नाही, हेही तितकेच खरे.

पहिला त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसू शकते, आणि पेट्रोलचा कॉक नेमका तळातूनच ओढतो. गाडी सुरू होत नाही, टाकी आतून गंजते, गंजाची लाल माती जेटमध्ये अडकते. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. फार दिवस ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी दोन्ही रिकामी करावीत. दुसरा त्रास रबराचा. जुनी पेट्रोल नळी, कॉकमधील बूच, वाटीची रिंग ही इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. गरम इंजिनाच्या डोक्यावर गळणारे पेट्रोल हा केवळ मायलेजचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्यावी आणि दुकानदार बांधवांनीही तीच ठेवावी. दोन पैशांनी महाग पडली तरी गिऱ्हाईक पुन्हा येते ते त्यामुळेच.

तिसरा त्रास लवकर लक्षात येत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. गाडी जास्त तापते, मूठ सोडली की सायलेन्सर फटफटतो आणि प्लगचे तोंड पांढरे दिसते. प्लगचा रंग विटकरी-तपकिरी असावा. पांढरा दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा घालून पाहावा, सुई एक खाच वर घ्यावी. इंजिन आणि कार्बोरेटरच्या जोडातून हवा ओढली जात असली तरी हेच लक्षण दिसते, म्हणून जेट बदलण्याआधी तो जोड पाहावा. पुष्कळ कार्बोरेटरांचे तोंड आवळून आवळून वाकलेले असते. ते काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करता येते.

एअर फिल्टर काढून टाकण्याची तरुणांची खोड मात्र आम्हाला समजत नाही. आवाज वाढतो, बाकी काही वाढत नाही. आपल्या काळ्या मातीचा उन्हाळ्यातील फुफाटा पिठासारखा बारीक असतो. तो तेलात मिसळला की रिंग आणि बोअरला घासणीचा कागद लावल्यासारखेच होते.

तेल

या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बेअरिंग नसून बुश आहे. बेअरिंग थोड्या तेलावर निभावून नेते. बुशला तेलाचा सतत प्रवाह लागतो, तो काही क्षण तुटला तरी बुश पकडतो. म्हणून बुलेटचे आयुष्य तेलपंपावर आहे, असे जुने लोक म्हणत ते शब्दशः खरे आहे. २०-डब्ल्यू-५० ग्रेडचे साधे, चांगल्या कंपनीचे तेल घालावे. महागड्या सिंथेटिकची या इंजिनाला गरज नाही. आपल्या धुळीत दर दोन हजार किलोमीटरला तेल आणि त्याबरोबर नमद्याचा फिल्टर बदलावा. फिल्टर बसवताना वॉशर आणि स्प्रिंग यांचा क्रम जसाच्या तसा ठेवावा, तो चुकला तर तेलाची वाटच बंद होते. फिल्टरचे घर रिकामे असते, ते भरेपर्यंत बुशला तेल मिळत नाही. यासाठी घरात तेल ओतून झाकण लावावे आणि चावी बंद ठेवून डिकॉम्प्रेसर ओढून पंधरा-वीस किका माराव्यात. त्यानंतरच गाडी सुरू करावी. हे न केल्यामुळे सर्व्हिसिंग करून निघालेल्या गाड्या बुश घालवून परत येतात आणि मालक-मिस्त्रीचे भांडण होते.

गाडी सुरू असताना तेल भरण्याचे झाकण उघडावे. आत तेल परत येताना दिसले तर पंप फिरतो आहे हे कळते. दर आठवड्याला एवढे पाहणे कोणालाही जमते. तेलपंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्यांचा असतो. नवख्या शागीर्दाने जोर लावून त्याचे आटे मारू नयेत म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तेलगळती हा बुलेटचा जन्मजात गुण आहे असे हसून सांगतात. आम्हाला ते मान्य नाही. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधील हवेला बाहेर पडायला वाट लागते. तिच्या श्वासनळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखे रबर असते; ते हवा बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. ते कडक झाले, चिकटले किंवा कोणी काढून टाकले की दाब वाढून तेल जोडाजोडांतून बाहेर येते. मग पॅकिंगवर पॅकिंग, शेलॅकवर शेलॅक. आधी ते स्वस्तातले रबर बदलून पाहावे. रिंगच गेल्या असतील तर अर्थातच उपाय वेगळा.

बोअरिंगविषयी लेथवाल्या बांधवांना एक विनंती. सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते. "घट्ट बसवतो म्हणजे जास्त दिवस जाईल" या समजुतीने ठेवलेली कमी फट पहिल्याच उन्हाळ्यात इंजिन जाम करते. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू नये, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे पिस्टन थोडे वेगळे निघतात. पिस्टन बनवणाऱ्याने दिलेली फट पाळावी. आणि मालकाने पहिले हजार किलोमीटर ५० च्या पुढे जाऊ नये, मागे ओझे बांधू नये.

टॅपेट थंड इंजिनावरच लावावेत. पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. थोडा आवाज राहिला तर राहू द्यावा. आवाज बंद करण्यासाठी घट्ट केलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

थरथरीने नट ढिले होतात हे सांगायला नको. जुम्म्याला दुकान लवकर बंद करणारे पुष्कळजण आहेत. त्या फावल्या वेळात पाना घेऊन इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, हेडचा स्टे, सायलेन्सर आणि मडगार्ड एकदा आवळून घ्यावेत. इंजिन चौकटीत सैल असले की थरथर वाढते आणि तीच थरथर वायरिंग, बल्ब, टाकीचे जोड सगळे मोडते. प्रायमरी चेन फार ताणू नये, मध्यभागी सुमारे ६ मिलिमीटर खेळ असावा आणि चेन सगळीकडे सारखी झिजत नसल्याने तो तीन-चार ठिकाणी मोजावा. क्लचची नवी केबल जुन्या केबलच्या बाजूनेच बांधून ठेवावी. जुनी तुटली की दोन टोके बदलून पाच मिनिटांत पुढे निघता येते. ब्रेकबद्दल एवढेच की ओझे वाहणाऱ्या गाडीला ब्रेक शू नवे घातल्यावर ते ड्रमला पूर्ण टेकतात का ते पाहावे. नुसते शू बदलले म्हणजे ब्रेक लागला असे नव्हे.

सुटे भाग आणि इमानदारी

बिडाच्या इंजिनाचे उत्पादन थांबले असले तरी भाग मिळतात. दिल्लीच्या करोल बागेतून ते देशभर जातात आणि इंग्लंडमधील जुन्या बुलेटवालेही भारतात बनलेले भाग मागवतात. पण त्याबरोबर नकली मालही तेवढाच आहे. मूळ कंपनीसारखे दिसणारे खोके, आत कच्चा कंडेन्सर. नकली कंडेन्सर, नकली क्लच प्लेट आणि नकली तेलपंप या तीन वस्तूंत वाचवलेले पैसे कधीच वाचत नाहीत. दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की हा कंपनीचा, हा बाजारचा, दोन्हींचे दर असे, निवड त्याची. मिस्त्रीने काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्यावा आणि बिलावर लिहून द्यावे. ज्या गॅरेजमध्ये ही पद्धत आहे तेथे उधारीही कमी राहते, असे आम्ही पाहिले आहे. काढून ठेवलेला जुना मूळ पॉइंट किंवा कार्बोरेटर कित्येकदा नव्या नकली मालापेक्षा सरस असतो. तो भंगारात घालू नये.

कागदपत्रांचेही पाहिले पाहिजे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी आर.टी.ओ.कडे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावी लागते. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ती २०२५ मध्ये आणखी वाढवण्यात आली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. परंतु अशी गाडी रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती चालवता येते. ज्यांना गाडीवर माल न्यायचा आहे त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून व्हिंटेजच्या मागे लागू नये. साधे नूतनीकरणच त्यांच्या कामाचे.

डिस्पोजलच्या किंवा हातोहात फिरलेल्या गाडीत इंजिन दुसऱ्याच गाडीचे असणे नवलाचे नाही. घेण्यापूर्वी चेसिस आणि इंजिनाचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. इंजिन बदललेले असेल तर खरेदीच्या पावतीसह आर.टी.ओ.कडे नोंद करून घ्यावी. कोणी नंबर घासून नवा ठोकून मागितला, तर लेथवाल्या आणि वेल्डिंगवाल्या बांधवांनी साफ नकार द्यावा. तो गुन्हा आहे, आणि उद्या ती गाडी चोरीची निघाली तर पोलीस आधी ठोकणाऱ्याच्या दारात येतात.

राहता राहिला विकण्याचा प्रश्न. ज्याला रोज शंभर किलोमीटरवर फिरावे लागते, त्याने खरे तर हलकी नवी गाडी घ्यावी आणि बुलेट घरी ठेवावी. मायलेजच्या हिशोबात बुलेट तिच्याशी बरोबरी करू शकत नाही. ज्याची फेरी आठवड्यातून दोन-तीन बाजारांची आहे, त्याने एकदम सगळे इंजिन खोलू नये. पहिल्या महिन्यात अर्थिंग, वायरिंग, पॉइंट, कंडेन्सर आणि केबली. दुसऱ्यात टाकी, कॉक, नळी, कार्बोरेटर. मग तेल, फिल्टर, श्वासनळीचे रबर. एवढ्यावर गाडी दोन-तीन महिने चालवून पाहावी आणि धूर किंवा खडखड उरली तरच बोअरिंगचा खर्च काढावा. सीटखालच्या डब्यात एक कंडेन्सर, एक पॉइंट, प्लग, चेनलॉक, दोन फ्यूज, फिलर गेज आणि हातभर वायर कायम असू द्यावी.